कड्यावर जागा धरताना

खालून काढलेल्या क्लायंबिंगच्या फोटोत माणूस जवळजवळ नसतोच. बुटांचे तळवे दिसतात, हार्नेसचे पट्टे दिसतात, पाठ दिसते. चेहरा कातळाकडे वळलेला आणि बोटं कुठल्या खाचेत रुतली आहेत ते अंगाआड. म्हणून साहसी खेळांच्या फोटोग्राफरचं काम चढणाऱ्यांच्या आधी सुरू होतं. ते कातळात ठोकलेला पहिला बोल्ट गाठतात तेव्हा आपण वर जाऊन, दोरावर बाजूला उतरून, स्थिर झालेलं असायला हवं. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे मला सगळे विचारतात. जागा कुठली, हे फार थोडे विचारतात. फोटो मात्र बराचसा तिथेच ठरतो.

मी पुण्यात राहून हे काम स्वतंत्रपणे करते. सुळक्यांवरच्या मोहिमा, घाटातल्या शर्यती, राफ्टिंग, सायकलिंग, जे येईल ते. त्यात मन सगळ्यात जास्त रमतं ते कातळावर.

खंडाळ्याजवळची नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, या कामाला सोयीची. कुरवंडे गावातून पायवाटेने माथ्यावर जाता येतं, त्यामुळे टीम खालून कडा चढत असताना मला वरून उतरता येतं. माथ्यावरचा पहिला तास कॅमेरा बॅगेतच असतो. दोन वेगवेगळे अँकर, त्यांवर भार समान वाटून घेतलेला, आणि कड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली गोणपाटाची जाड घडी. चढणाऱ्याचा दोर डायनॅमिक असतो, पडल्यावर ताणला जाऊन झटका शोषून घेणारा. मला लटकायला स्टॅटिक लागतो, नाहीतर फ्रेम लावावी आणि दोराच्या ताणाने आपण खाली-वर होत राहावं. उतरायला ग्रिग्री, परत वर यायला झुमार आणि पायात अडकवायचा पट्टा. बसायला एक छोटी फळी, कारण नुसत्या हार्नेसमध्ये अर्धा तास लटकलं तरी मांड्यांना मुंग्या येतात.

मग अँकर सांभाळणारा मुलगा माझ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "ताई, खिसे."

मी खिसे रिकामे करते. किल्ल्या, सुटे पैसे, फोन, लेन्सचं झाकण. कॅमेऱ्याला दोन स्वतंत्र दोऱ्या, एक तुटली तरी दुसरी आहे. कड्यावर लेन्स बदलायची नाही, जी लावून उतरलो तिच्यातच काम भागवायचं. झाकण वजनाने काहीच नसतं, पण दोनशे फुटांवरून पडल्यावर ते खालच्या माणसाच्या दृष्टीने झाकण राहत नाही. तो गाठी बघतो, माझं हेल्मेट बघतो, मग मी त्याच्या गाठी बघते. या क्रमात कधी बदल होत नाही आणि तिथे घाई करणाऱ्या टीमबरोबर मी पुन्हा काम करत नाही.

चढणाऱ्याच्या डोक्यावर थेट लटकायचं नाही, हा पहिला नियम. सह्याद्रीच्या कातळात मध्येमध्ये मुरमाड पट्टे आहेत, धारेवर घसारा साचलेला असतो. माझ्या पायाने एक दगड सुटला आणि "दगड!" अशी आरोळी मी दिली, तरी खालचा माणूस दोन्ही हातांनी कड्याला धरून आहे, तो जाणार कुठे? म्हणून त्याच्या रेषेपासून आठ-दहा फूट बाजूला आणि थोडंसं वर. योगायोगाने चेहरा, हात आणि खालची दरी एकत्र दिसण्याचा कोनही साधारण तोच असतो.

उजेडाच्या बाबतीत मात्र फोटोग्राफर आणि क्लायंबर यांचं कधीच जमत नाही. घाटाचे मुख्य कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. सकाळभर ते सावलीत. चढणाऱ्याला ती सावली हवी असते, कारण कातळ तापला की घामाने बोटं सरकतात. मला हवा असतो दुपारनंतरचा तिरपा उजेड, कातळाची प्रत्येक खाच उठून दाखवणारा. हा वाद क्लायंबरच्याच बाजूने सुटतो आणि तसाच सुटायला हवा. मग मी सावलीत काम करते. सावलीतला उजेड सपाट असला तरी चेहऱ्यावर काळे पट्टे पाडत नाही.

त्यात आपला बेसाल्ट काळा. कॅमेऱ्याच्या मीटरला समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं असावं असं वाटत असतं. पूर्ण फ्रेम काळ्या कातळाने भरली की तो सगळंच उजळ करायला बघतो. परिणामी कातळ राखेसारखा दिसतो आणि माणसाच्या कपाळावरचा तपशील उडून जातो. त्यामुळे एक स्टॉप, कधी त्याहून जास्त, मुद्दाम अंधाराकडे न्यावं लागतं. कातळ काळाच दिसला पाहिजे. ज्याने तो हाताळलाय, त्याला करडा कातळ खोटा वाटतो.

खोटेपणाचा आणखी एक प्रकार आहे, कॅमेरा तिरका धरण्याचा. कललेला कॅमेरा साठ अंशांचा उतार सरळ भिंतीसारखा दाखवतो. अशा फोटोंना दाद खूप मिळते. क्लायंबरच्या कमरेखाली मोकळा लोंबणारा दोर बघा, तोच तुमचा ओळंबा. दोर फ्रेममध्ये तिरका लोंबताना दिसला आणि वारा नसेल, तर कॅमेरा कललेला होता हे नक्की. मी दोर सरळ ठेवते. ज्याने साठ अंश चढलेत, त्याचे साठ अंशच दाखवावेत. ते कमी नाहीत.

नेमका क्षण कुठला? हात पकडीवर पोहोचला की सगळे बटण दाबतात. मला त्याआधीचा क्षण मोलाचा वाटतो. अवघड मूव्हच्या आधी माणूस थांबतो. एक हात मागच्या मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पिशवीत जातो, नजर वरच्या एकाच खाचेवर खिळते, ओठ आत ओढले जातात. मग एक श्वास बाहेर आणि पाय सरळ होऊ लागतो. तो श्वास माझ्या कानांवर येतो इतक्या जवळ मी असते. त्या वेळी मी बोलत नाही, हाक मारत नाही, "इकडे बघ" तर कधीच म्हणत नाही. मिररलेस कॅमेऱ्याचं शटर आवाजाविना चालतं, ही सोय मला वाढलेल्या मेगापिक्सेलपेक्षा मोठी वाटते.

कॅमेरा समोर आला की माणूस बदलतो, या कामातली हीच खरी अवघड गोष्ट आहे. एरवी ज्याने मागे उतरायचं ठरवलं असतं, तो लेन्स बघून आणखी एक मूव्ह करायला जातो. अमेरिकी क्लायंबर ॲलेक्स होनोल्ड जून २०१७मध्ये दोराविना एल कॅपिटन हा कडा चढला, सुमारे ३,००० फूट. त्याचं चित्रण करणारे जिमी चिन आणि त्यांचे सहकारी स्वतः क्लायंबर होते. आपल्या असण्याने त्याचं चित्त ढळलं तर, ही त्यांची धास्ती 'फ्री सोलो' या माहितीपटात उघड दिसते. सर्वांत कठीण टप्प्यावर त्यांनी माणूस ठेवलाच नाही, दुरून चालणारे कॅमेरे लावले. मला त्या चित्रपटातल्या भव्य दृश्यांपेक्षा तो निर्णय अधिक थोर वाटतो. आमच्याकडे दोर असतो, बिले देणारा, म्हणजे तो दोर सांभाळणारा साथीदार असतो, तरीही मी टीमच्या लीडरला आधीच सांगून ठेवते: फोटोसाठी कुणालाही मूव्ह परत करायला सांगणार नाही. आणि अपघात झाला तर कॅमेरा बॅगेत, मी दोर ओढायला.

काही ठिकाणी वरून उतरण्याची सोयच नसते. नाणेघाटाजवळची वानरलिंगी हा सुटा सुळका, त्याच्या माथ्यावर जायचं तर चढूनच. तिथे मी शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या टोकावर बसते आणि मधल्या दरीपलीकडून टेलिलेन्सने काम करते. माणूस मुंगीएवढा दिसतो, पण साडेतीनशे फुटांहून उंच सुळका पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका फ्रेममध्ये येतो आणि त्या मुंगीचं धाडस तिथूनच कळतं. हल्ली लगेच ड्रोन सुचवला जातो. कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ असेल तर मी ड्रोन बाहेर काढत नाही. सेंट, डिओ, धूर, आरडाओरडा यांनी त्या माश्या उठतात हे सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग त्यांच्यासमोर घोंघावतं यंत्र कशाला न्यायचं? दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

कोलाडला कुंडलिकेवरच्या राफ्टिंगमध्ये जागेचं गणित पाण्यावर चालतं. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी पाणी सुटतं, तोवर नदी शांत आणि दगड उघडे. नवखा माणूस रॅपिडच्या ऐन तोंडावरचा दगड पकडतो आणि पाणी चढलं की भोवती वेढा पडतो. दगडावरची शेवाळाची रेघ बघायची आणि तिच्या बऱ्याच वर, किनाऱ्याला जोडलेल्या खडकावर बसायचं. राफ्ट खाली येताना समोरून, कमी उंचीवरून घेतली तर नाक पाण्यात घुसलेलं आणि मागे सगळे चेहरे दिसतात. शटर एक हजाराच्या पुढे, म्हणजे थेंब न् थेंब सुटा.

शर्यतींत जागा अंधारात धरावी लागते. सिंहगड, राजगड, तोरणा या रांगेत धावणारे लोक उजाडायच्या आधी निघतात. राजगडाची संजीवनी माची सोडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर सूर्योदयाला उभं राहायचं, तर आपण रात्रीच चालायला लागायचं. पुढचे धावपटू चुटकीसरशी निघून जातात आणि आयोजकांना त्यांचेच फोटो तातडीने हवे असतात. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत हलत नाही. मागून येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्या वाटेचा चढ-उतार जास्त स्पष्ट लिहिलेला असतो. शिवाय त्यांनीही तेवढीच फी भरलेली असते.

पैशांतही जागा आधीच धरावी लागते. बहुतेक तरुण फोटोग्राफरांना वाटतं, मी काढला म्हणजे फोटो माझा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे कड्यावर आपण लटकलो, पण कागद नसेल तर फोटो कंपनीचा. म्हणून निघण्यापूर्वी ईमेलवर का होईना, लिहून घ्यायचं: हक्क माझा, वापराची परवानगी तुम्हाला, ती कुठे आणि किती काळ. सोशल मीडियासाठी म्हणून घेतलेले फोटो हायवेवरच्या फलकावर झळकल्याच्या तक्रारी आमच्या वर्तुळात नेहमी ऐकू येतात. पैसे अडकण्याच्या तर त्याहून जास्त. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केली, तर २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास व्याजासकट. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की हिशेब विभागाचा आवाज बदलतो. आणि क्लायंबरचा चेहरा जाहिरातीत जाणार असेल, तर त्याची लेखी संमती आणि त्याचा वाटा, दोन्ही मी दरपत्रकातच लिहिते. धोका त्याने पत्करलेला असतो.

एक फोटो मात्र मी कधी विकत नाही. मोहीम संपायच्या आधी समोरून पूर्ण कड्याचा, नेमका फोकस असलेला, माणसाविना एक फोटो काढते आणि टीमला देऊन टाकते. संध्याकाळी गावातल्या ओसरीवर ते तो लॅपटॉपवर मोठा करतात आणि त्यावर रेघ ओढतात: इथे बोल्ट, इथे ठिसूळ पट्टा, इथे बसायला जागा, या कपारीत मोहोळ, डावीकडून जा. पुढच्या हंगामात दुसरी टीम तो घेऊन कड्याखाली उभी राहते.