फिंडा : अननसाच्या शेतात परतलेलं जंगल

१८ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी ग्वाल्हेरच्या हवाई दलाच्या तळावर जोहान्सबर्गहून आलेलं एक अवजड विमान उतरलं. आत बारा चित्ते होते. ग्वाल्हेरकरांना तो दिवस आठवत असेलच. पाच महिन्यांपूर्वी नामिबियाचे आठ चित्तेही तिथंच उतरून हेलिकॉप्टरनं कुनोला गेले होते. बातम्यांमध्ये ‘दक्षिण आफ्रिकेचे चित्ते’ एवढंच आलं. पण त्यातले बरेचसे सरकारी राष्ट्रीय उद्यानातले नव्हते, खासगी अभयारण्यांतले होते. आणि बारापैकी तिघांचं विलगीकरण झालं होतं ते क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या फिंडा नावाच्या ठिकाणी.

खासगी अभयारण्य हा शब्दच आपल्या कानाला विचित्र वाटतो. आपल्याकडे वाघ कोणाच्या मालकीचा नसतो. म्हणूनच फिंडाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

आधी नाव. झुलू भाषेतला हा ‘फ’ इंग्रजी ‘फॅन’मधला नाही. ‘फळ’ किंवा ‘फणस’ आपली आजी जसा म्हणायची, तसा ओठ मिटून म्हणायचा. म्हणजे आपण देवनागरीत लिहितो तेच बरोबर! ‘फिंडा इझिल्वाने’ म्हणजे वन्यप्राण्यांचं परतणं.

ते परतले, कारण आधी हाकलले गेले होते. या भागात त्सेत्से माशीमुळे गुरांना ‘नगाना’ नावाचा रोग होई. माशी रानटी जनावरांच्या रक्तावर जगते, म्हणून जनावरंच संपवा, असा हिशेब गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारनं केला आणि झुलूलँडमध्ये हजारो प्राणी गोळ्या घालून मारले. पुढे जमिनीवर गुरांचे मळे आले, अननस, कापूस, घायपाताची लागवड आली. ऐंशीच्या दशकाअखेर ही शेती आणि जमीन दोन्ही थकलेली होती.

१९९१ मध्ये एका सफारी कंपनीनं (आजचं तिचं नाव ‘अँड बियाँड’) या जमिनी विकत घेऊन फिंडा सुरू केलं. मंडेला तुरुंगातून सुटून जेमतेम वर्ष झालं होतं, देशाचं पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी पडीक शेतात पैसे घालायचे आणि तिथं सिंह आणून सोडायचे, हा जुगारच होता. मळ्यांची जुनी तारेची कुंपणं काढली, सगळ्या जागेभोवती विजेचं कुंपण घातलं आणि सिंह, चित्ते, हत्ती, पांढरे गेंडे बाहेरून आणून सोडले. आज फिंडा सुमारे २८,००० हेक्टरांचं आहे. त्यात वाळूवर वाढणाऱ्या दुर्मीळ कोरड्या जंगलाचाही एक तुकडा आहे.

हे जमलं त्यामागे एक कायदाही आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्येच असा कायदा झाला, की ज्यानं आपल्या जमिनीला पुरेसं भक्कम कुंपण घातलं आहे, त्याची आतल्या वन्यप्राण्यांवरची मालकी प्राणी बाहेर पळाला तरी जात नाही. म्हणजे गेंडा ही मालमत्ता झाली. विकता येते, विकत घेता येते. याला एक काळी बाजूही आहे. याच व्यवस्थेत त्या देशात पिंजऱ्यात सिंह वाढवून शिकाऱ्यांपुढे सोडण्याचा धंदाही फोफावला. मला विचाराल तर आपला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे तसाच राहावा. पण अननस पिकवण्यापेक्षा गेंडा राखणं परवडतं, असं शेतकऱ्याला वाटायला लागल्यावर तिथं किती पडीक रान पुन्हा जंगल झालं, हेही नाकारता येत नाही.

कुंपण आलं की निसर्गाची बरीच कामं माणसाच्या अंगावर पडतात. हत्ती दुष्काळात दूर निघून जाऊ शकत नाहीत. संख्या वाढली की झाडं मोडून रान उघडं करतात. त्यांना मारण्याऐवजी फिंडात २००४ पासून हत्तिणींना गर्भनिरोधक लस द्यायला सुरुवात झाली. ती बंदुकीतून सोडलेल्या सुईनं देतात. चित्त्यांचा प्रश्न वेगळा. वयात आलेला चित्ता एरवी दूरवर भटकून जोडीदार शोधतो. कुंपणात भाऊ-बहिणींचीच पैदास सुरू होते. म्हणून २०११ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या छोट्या अभयारण्यांनी चित्त्यांची अदलाबदल ठरवून करायला घेतली. इथली मादी तिकडे, तिथला नर इकडे. आपण दूरच्या गावची सोयरीक बघायचो, त्यातलाच प्रकार. चित्ते वाढले, इतके की काही अभयारण्यांना ते ठेवायला जागा पुरेना. कुनोला चित्ते मिळाले ते या वाढाव्यातून.

कुनोत मात्र कायमचं कुंपण नाही. मोठ्या बंदिस्त आवारातून बाहेर सोडलेला चित्ता शेतात, गावात, शेजारच्या राज्यातही जातो. २०२३ मध्ये काही चित्ते दगावले. २०२४ च्या मार्चमध्ये त्स्वालू या दुसऱ्या खासगी अभयारण्यातून आलेल्या गामिनी या मादीला पिल्लंही झाली. कुंपणातला हिशेब उघड्या रानात कितपत चालतो, याची परीक्षा आपल्या दाराशी चालू आहे. (आफ्रिकेचा चित्ता मराठी मुलखाला अगदीच नवा नाही म्हणा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून आणलेले चित्ते पाळलेले असत.)

हे सगळं चालतं पर्यटकांच्या पैशावर. फिंडात थोड्या खोल्यांचे मोजकेच लॉज आहेत. माणसं कमी, दर जबर. उघड्या गाडीत मागे रेंजर, पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा ट्रॅकर. ताडोबात किंवा कान्हात एका वाघामागे जिप्सींची रांग पाहिलेल्यांना ही शांतता हेवा वाटण्यासारखी आहे. गंमत म्हणजे याच कंपनीनं ताज हॉटेल्सबरोबर भागीदारी करून बांधवगड, पेंच, पन्ना आणि कान्हाजवळ लॉज उभे केले. पद्धत तिकडून आली, जंगल मात्र सरकारीच राहिलं. तिथं प्राणी राखण्याचं काम पाहुण्यांच्या भाड्यातून होतं, इथं ते वनखातं करतं.

तरी फिंडाचं खरं वेगळेपण मला शेजाऱ्यांशी असलेल्या व्यवहारात दिसतं. वर्णभेदाच्या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना नव्या राजवटीत त्या परत मागता आल्या. मखासा आणि म्नकोबोकाझी या समाजांनी फिंडातल्या जमिनीवर दावा केला आणि २००७ मध्ये नऊ हजारांहून जास्त हेक्टर जमीन त्यांच्या नावावर झाली. त्यांना तिथं मका लावता आला असता, गुरं चारता आली असती. त्यांनी ती दीर्घ मुदतीच्या करारानं कंपनीलाच भाड्यानं दिली. आता त्या जागेवर सिंह फिरतो तेव्हा जमीनमालक गावाला भाडं मिळतं. कंपनीशी जोडलेल्या न्यासानं आसपासच्या गावांत शाळांच्या खोल्या बांधल्या, दवाखान्याला हातभार लावला, पाण्यासाठी ढकलत नेता येणारे नव्वद लिटरचे गोल पिंप वाटले. डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण सगळी भिस्त परदेशी पाहुण्यांवर असली की काय होतं, ते २०२० मध्ये कळलं. विमानं थांबली, लॉज रिकामे झाले, पगार अडचणीत आले. गस्तीचा खर्च मात्र तसाच होता, कारण गेंड्याचं शिंग चोरणाऱ्यांना पर्यटक लागत नाहीत. फिंडानं गेंड्यांची शिंगं आधीही कापली होती, टाळेबंदीतही ती मोहीम राबवली. गुंगी देऊन नखं कापावीत तसं शिंग कापतात. दुखत नाही आणि पुन्हा वाढतं. शिंगाविना गेंडा बघायला जरा केविलवाणा वाटतो, पण जिवंत असतो.

त्या धामधुमीच्या आदल्याच वर्षी फिंडात खवले मांजरं सोडायला सुरुवात झाली होती. तस्करांच्या तावडीतून सोडवलेली ही जनावरं या प्रांतातून कित्येक दशकं नाहीशी झालेली होती. मुंग्यांची वारुळं कुठं आहेत हे त्यांना नव्या जागी ठाऊक नसतं, म्हणून सुरुवातीला माणसं रोज त्यांच्याबरोबर रानात फिरत.

फिंडात राहणं बहुतेक मराठी कुटुंबांच्या खिशाबाहेरचं आहे, हे उघड सांगतो. पण डर्बनपर्यंत जाणार असाल तर फिंडाला लागूनच उमखुझे आणि थोडं दक्षिणेला श्लुश्लुवे-इम्फोलोझी ही सरकारी अभयारण्यं आहेत. तिथं स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं आणि राहायला साध्या झोपड्या मिळतात. पांढरा गेंडा नामशेष होता होता वाचला तो इम्फोलोझीतच. मे ते सप्टेंबर तिथला कोरडा हिवाळा. गवत वाळलेलं असतं आणि प्राणी पाणवठ्याला येतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहाटेच्या फेरीसाठी स्वेटर विसरू नका.