तळ्याकाठच्या पाणपक्ष्यांच्या घरट्यांचे छायाचित्रण : घ्यावयाची काळजी

पाझर तलाव, गावतळी आणि शेततळी ही केवळ पाण्याची साठवण नाही. अनेक पाणपक्ष्यांची वीण याच ठिकाणी होते. पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या दाट वस्तीत पाणपक्ष्याने घरटे करावे असे तळे उरलेले नाही. म्हणून शहरातील हौशी छायाचित्रकार सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवरील भिगवण परिसर गाठतात. आता कॅमेरा असलेला मोबाईल शेतकऱ्यांच्याही खिशात असतो. तेव्हा घरट्यावरील पक्ष्याचे छायाचित्र कसे घ्यावे आणि कधी घेऊ नये, हे तळ्याकाठच्या शेतकऱ्यांनी व पाहुण्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

भादलवाडीचे सारंगागार

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ भादलवाडीचा तलाव आहे. तलावातील बाभळींवर चित्रबलाक पक्षी वसाहत करून घरटी बांधतात. पाणपक्ष्यांच्या अशा वसाहतीसाठी मारुती चितमपल्ली यांनी 'सारंगागार' हा सुंदर शब्द मराठीला दिला. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या कडेचे उथळ पाणी जवळच असल्याने येथील पक्ष्यांना मासळी मिळते. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच उथळ पाण्यात फिरवून स्पर्शाने लहान मासे पकडतो. मादी साधारणपणे २ ते ५ अंडी घालते. सुमारे एक महिना उबवण चालते आणि त्यानंतर पिल्ले उडती होण्यास आणखी सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे एका घरट्याला जवळजवळ तीन महिने स्वस्थता लागते.

पक्षी घरट्यावरून उठल्यास काय होते ?

चरणारा पक्षी उठला तर दुसऱ्या जागी जाऊन बसतो. घरट्यावरील पक्षी उठला तर अंडी किंवा पिल्ले उघडी पडतात. अंड्यातील जीव वाढण्यास सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे हवेचेच तापमान ४० अंशांवर जाते. अशा वेळी पालक पक्षी ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी घरट्यावर असतो. चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो. टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. पालक थोडा वेळ दूर राहिला तरी अंडी तापतात. कावळे व घारी तर संधीची वाटच पाहत असतात. घाबरलेली मोठी पिल्ले घरट्यातून खाली पडण्याचाही धोका असतो. उगवणीच्या वेळी ओल तुटली, तर नंतर कितीही पाणी दिले तरी विरळ झालेले पीक भरून येत नाही. घरट्याचेही तसेच आहे.

घरटे कोठे असते ?

१) झाडावर : चित्रबलाक, राखी बगळा, रातबगळा, गायबगळा. एक पक्षी दचकला की अनेक पक्षी एकदम उठतात, म्हणून नुकसान मोठे होते.

२) पाण्यावर : टिबुकली पाणवनस्पतींचे तरंगते घरटे करते. घरटे सोडताना ती अंड्यांवर ओले शेवाळ व पाने ओढून ती झाकते. माणूस एकदम जवळ आला तर झाकण्यास वेळ मिळत नाही आणि अंडी उघडी राहतात. कमळपक्ष्यात अंडी नर उबवतो. नर उठला तर त्याची जागा घेण्यास मादी येत नाही.

३) जमिनीवर : टिटवी व शेकाट्या. अंडी मातीच्या रंगाची असल्याने दिसत नाहीत व पायाखाली येतात.

छायाचित्र घेताना

१) वाहन रस्त्याच्या पूर्ण बाहेर, वळण टाळून उभे करावे. शक्य असल्यास वाहनातूनच छायाचित्र घ्यावे. उभ्या वाहनाची पक्ष्यांना सवय असते, उतरून चालणाऱ्या माणसाची नसते.

२) जवळ जाण्याऐवजी लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. ४०० मि.मी. किंवा अधिक पल्ल्याचे भिंग सोयीचे. मोबाईल दुर्बिणीला लावूनही काम भागते.

३) सकाळी सूर्य पाठीशी घेऊन काम करावे. सुमारे ११ ते ४ या कडक उन्हाच्या वेळेत व पाऊस चालू असताना घरट्याजवळ थांबू नये.

४) बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/२५० भाग, तर उडत्या पक्ष्यासाठी १/१००० भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. फ्लॅश वापरू नये. ड्रोन उडवू नये.

५) घरट्यापुढील फांदी किंवा गवत दूर करू नये. तीच पिल्लांची सावली व आडोसा असतो.

६) १० ते १५ मिनिटांत काम आटोपावे. पक्षी मान उंचावून उभा राहिला, ओरडू लागला किंवा चोचीत भक्ष्य असूनही घरट्यावर उतरेना, तर ताबडतोब मागे फिरावे.

७) छायाचित्र इतरांना पाठविताना घरट्याची नेमकी जागा सांगू नये.

तळ्याकाठच्या शेतकऱ्यांसाठी

गाळ काढताना घरटी असलेल्या झाडांजवळील काम पिल्ले उडेपर्यंत थांबवावे. काठच्या व पाण्यातील बाभळी राखाव्यात. सतत पाण्यात राहून जुनी झाडे वाळतात. म्हणून पाणी उतरल्यावर तलावाच्या पाणलोटाकडील काठावर बाभळीची नवी रोपे लावावीत. मातीच्या बांधावर मात्र झाडे लावू नयेत, कारण मुळांच्या वाटेने बांध पाझरतो. शेततळ्यातील मासळीचे पक्ष्यांपासून रक्षण करावयाचे असल्यास वर जाळी ताणावी. वसाहतीजवळ फटाके वाजवू नयेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे व अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. हे येणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे सांगावे. न ऐकल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे.

छायाचित्राचा खरा उपयोग नोंदीसाठी आहे. दर आठवड्यास एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे आणि वहीत तारीख, पाण्याची पातळी व घरट्यांची संख्या लिहावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदीवरून तळे सुधारत आहे की बिघडत आहे, हे गावालाच समजेल. शहरातील पाहुणा तासाभराने परत जातो, तळ्याची राखण मात्र काठावरच्या शेतकऱ्याकडेच राहते. म्हणून आधी घरटे, मग छायाचित्र, हा नियम शेतकरी बंधू-भगिनींनी स्वतः पाळावा व इतरांनाही पाळावयास लावावा.