भाव जाहीर करणारी खुर्ची

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात नुसतं 'चेअरमन' म्हटलं, तर कोणता चेअरमन हे विचारावं लागत नाही. चेअरमन पतसंस्थेलाही असतो, विकास सोसायटीलाही असतो, दूध संस्थेलाही असतो. पण त्यांच्याआधी संस्थेचं नाव लावावं लागतं. साखर कारखान्याचा चेअरमन तेवढा नुसता चेअरमन.

५ जुलै २०२५ रोजी अजित पवार माळेगाव सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन झाले. त्या वेळी ते राज्याचे उपमुख्यमंत्री होते, अर्थखातंही त्यांच्याकडेच होतं. राज्याचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या माणसाला एका कारखान्याची खुर्ची कशासाठी हवी, हा प्रश्न पुण्या-मुंबईत अनेकांना पडला. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला तो पडला नाही. 'यंदा उसाला टनाला किती?' या त्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्या खुर्चीवरून येतं, ती ही खुर्ची.

कालव्याचं पाणी, सभासदाचा ऊस

या खुर्चीची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर पाणी फिरलं. पाण्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं आणि तिथे साखर निघू लागली. तो कारखाना खासगी होता. शेतकऱ्याचं काम ऊस पिकवण्यापुरतं, भाव ठरवायचा मालकाने.

ही वहिवाट मोडली ती प्रवरेला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले आणि १९५० मध्ये तिथला सहकारी कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले चेअरमन होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. पहिल्याच खुर्चीवर हिशेब जाणणारा माणूस बसला, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक चेअरमनने लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रवरेची वाट इकडेही आली. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. दोन तालुक्यांत मिळून पाच सहकारी कारखाने, म्हणजे पाच चेअरमन.

एक सभासद, एक मत

चेअरमन होण्याची वाट सहकार कायद्याने आखून दिलेली आहे. सभासदाकडे अर्धा एकर ऊस असो की पन्नास एकर, शेअर एक असो की अनेक, मत एकच. कंपनीत जेवढे शेअर तेवढी मतं. इथे तसं नाही. सहकाराचा सगळा जीव या एका नियमात आहे.

संचालक मंडळ २१ जणांचं. माळेगावचंच उदाहरण घेऊ. कार्यक्षेत्राचे सहा गट आहेत: माळेगाव, पणदरे, सांगवी, खांडज-शिरवली, निरावागज आणि बारामती. या गटांतून १५ संचालक येतात. महिलांसाठी दोन जागा राखीव, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्त जातींसाठी एकेक. एकविसावी जागा 'ब' वर्गाची, म्हणजे सभासद असलेल्या सहकारी संस्थांच्या प्रतिनिधीची. ऊस उत्पादक सभासद 'अ' वर्गात मोडतो आणि गट कोणताही असला, तरी तो वीसही जागांसाठी मत देतो. त्यामुळे सांगवीच्या उमेदवाराला निरावागजच्या शेतकऱ्याच्या दारात जावंच लागतं. स्वतःच्या गावात कितीही वजन असलं, तरी त्यावर निवडून येता येत नाही.

मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. प्रत्येक गटाच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. सभासद पॅनेलला मत देतो, पण डोळे मिटून देत नाही. वरचे दोन याचे, खालचा एक त्याचा, अशी निवड करून तो शिक्के मारतो. म्हणूनच मोजणी लांबते. २२ जून २०२५ ला माळेगावला मतदान झालं, २४ तारखेला मोजणी सुरू झाली आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली. 'ब' वर्गातून अजित पवारांना १०१ पैकी ९१ मतं मिळाली. त्यांच्या नीळकंठेश्वर पॅनेलने २१ पैकी २० जागा घेतल्या. एकविसावी जागा गेली वयाची ऐंशी ओलांडलेले ज्येष्ठ सहकारी नेते चंद्रराव तावरे यांच्याकडे. त्यांचं बाकी पॅनेल पडलं, तरी सभासदांनी जाणता विरोधक मंडळावर ठेवला.

याच सभासदांनी २०१५ मध्ये पवारांच्या पॅनेलला घरी बसवून चंद्रराव आणि रंजनकुमार तावरे यांच्या हाती कारखाना दिला होता आणि २०२० मध्ये तो परत घेतला होता. ज्या तालुक्यात विधानसभेचा निकाल गृहीत धरला जातो, तिथे कारखान्याचा निकाल कधीच गृहीत धरता येत नाही. विधानसभेचं मत माणसाकडे आणि पक्षाकडे पाहून दिलं जातं. कारखान्याचं मत देताना सभासदाच्या खिशात ऊसबिलाची पावती असते.

खुर्चीपर्यंतची शेवटची पायरी

सभासद चेअरमन थेट निवडत नाहीत. निकाल लागल्यावर नव्या मंडळाची पहिली बैठक निवडणूक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली भरते आणि संचालक आपल्यातून चेअरमन व व्हाईस चेअरमन निवडतात. दोन अर्ज आले तर मतदान, एकच आला तर बिनविरोध. नाव बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. बैठक त्यावर कायद्याचा शिक्का मारते.

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात मे २०२५ मध्ये जय भवानी माता पॅनेलने सर्व २१ जागा जिंकल्या आणि पृथ्वीराज जाचक चेअरमन झाले. हेच जाचक २००४ मध्ये बारामती लोकसभेला शरद पवारांच्या विरोधात भाजपचे उमेदवार होते. २०२५ च्या पॅनेलमागे मात्र अजित पवार आणि इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे उभे होते. कारखाना अडचणीत असेल, तर इतक्या जुन्या वैराला मुरड घालावी लागते आणि साखर धंद्यातला जाणकार शोधावा लागतो.

खुर्चीचं काम

कारखान्याचा रोजचा गाडा कार्यकारी संचालक हाकतो. चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, शेतकी अधिकारी आपापली खाती बघतात. चेअरमनला निर्णय घ्यायचे असतात, आणि प्रत्येक निर्णय शेवटी पैशाला जाऊन भिडतो. तोडणीच्या टोळ्यांना उचल किती द्यायची? सभासदाचा ऊस आधी आणायचा की बाहेरचा, गेटकेनचा? साखर आत्ता विकायची की गोदामात ठेवून राज्य बँकेकडून मालतारण कर्ज उचलायचं? रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे? डिसेंबरात आडसाली ऊस तोडीला आलेला असतो, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय तारीख देत नाही आणि उसाला तुरा फुटू लागतो. त्या वेळी शेतकरी कार्यालयात जात नाही, चेअरमनच्या घरी जातो.

सगळ्यांत मोठा निर्णय भावाचा. केंद्र सरकार दर वर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे झालं किमान. त्यावर किती द्यायचं, इथे चेअरमनची कसोटी लागते. माळेगाव आणि सोमेश्वरची भावाची चढाओढ दोन्हीकडच्या सभासदांच्या पथ्यावर पडत आली आहे.

ही कसोटी दिवसेंदिवस अवघड होत गेली. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याला एफआरपी २,७५० रुपये होती. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली, आणि २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही ३१ च होती. उसाची किंमत वर आणि साखरेचा आधार तिथेच. मधली फट इथेनॉल, सहवीज आणि काटकसरीने भरावी लागते. जिथे ती कर्जाने भरली जाते, तिथे पाच-सात वर्षांत कारखाना गोत्यात येतो.

घाना आणि नीरा

मत देणं आणि मालक असणं यातला फरक कळायला दूरचं एक उदाहरण घेऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा राष्ट्राध्यक्ष जनता थेट निवडते. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर दुसरी फेरी होते. मुदत चार वर्षांची आणि दोनच वेळा. डिसेंबर २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाला हरवून जॉन महामा तिथे पुन्हा निवडून आले. तिथलं आपल्या उसासारखं पीक म्हणजे कोको. त्याचा भाव सरकार आणि १९४७ मध्ये स्थापन झालेलं कोको मंडळ ठरवतं. घानाचा कोको शेतकरी आपला राष्ट्राध्यक्ष निवडतो, पण कोको विकणाऱ्या संस्थेचा तो मालक नाही. नीरेकाठचा शेतकरी चेअरमन थेट निवडत नाही, पण कारखान्याचा मालक आहे. वार्षिक सभेत माईक हातात घेऊन 'उतारा का घटला?' असं तो तोंडावर विचारू शकतो. भावाबद्दलची त्याची नाराजी राजधानीपर्यंत न्यावी लागत नाही. चेअरमन त्याला लग्नात भेटतो, दहाव्याला भेटतो.

एक गोष्ट मात्र घानाकडून घेण्यासारखी आहे. तिथे राष्ट्राध्यक्षाला मुदतीची मर्यादा आहे. इथे एकाच घराकडे खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी राहिली आहे. सहकार कायद्यात चौकशी आहे, नुकसान वसूल करणारं कलम ८८ आहे, मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमण्याची तरतूद आहे. पण हे उपाय नुकसान होऊन गेल्यावरचे. आधीचा उपाय एकच, जागा सभासद.

सभासदाला एवढंच

चेअरमनची खुर्ची वाईट नाही आणि तिच्यावर मोठा नेता बसला म्हणूनही ती वाईट होत नाही. या भागात पक्की घरं, शाळा, कॉलेजं उभी राहिली त्यात या खुर्चीचा वाटा आहे. पण तिची ताकद सभासदाच्या मतातून येते, आणि ते मत पाच वर्षांतून एकदा शिक्का मारून संपत नाही. सप्टेंबरात वार्षिक सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल घरी येतो. त्यात गाळप, उतारा, कर्ज आणि साखरसाठा, सगळं छापलेलं असतं. बहुतेक घरांत तो न उघडता फळीवर जातो आणि सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर होतात. यंदा तो उघडा. मागच्या वर्षीचा शेजारी ठेवा, कर्जाचा आकडा आणि उताऱ्याचा आकडा ताडून बघा, घरातल्या शिकलेल्या मुलीला-सुनेला वाचायला सांगा. आणि मग सभेला जाऊन प्रश्न विचारा. कारखाना तुमचा आहे.