हरिश्चंद्रगडाला जाण्यापूर्वी

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे बाहेर पडण्याच्या तयारीला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक ठरलेला असतो आणि घराघरांतून पाच-सहा महिन्यांचा संसार गाठोड्यांत बांधला जातो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे 'सहल' हा शब्दही घरात मीच आणला. गेल्या वर्षी, मी प्रथम वर्षाला असताना, ऑक्टोबरात आम्ही काहीजण हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार असे घरी सांगितले. आईने एकच विचारले, "काम न्हाई काही न्हाई, मग वझं घिऊन डोंगर कशाला चढायचा, पोरी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ अजूनही नाही. परंतु चढायचाच असेल तर कशी तयारी करावी, हे दोन खेपांमध्ये थोडेफार कळले. आपल्या कॉलेजातून पुढे कोणी जाणार असेल तर त्याला उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. उंची १४२४ मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आहे, आणि पश्चिमेला तो प्रसिद्ध कोकणकडा! चांगदेवांनी येथे तप केले आणि 'तत्त्वसार' रचले असे मराठीच्या तासाला शिकलो होतो. आमच्यापैकी अर्ध्याजणांना गडाची ओढ लागली ती तेथूनच. पाचनईकडून वाट सोपी आणि जवळची. आम्ही मात्र खिरेश्वरची निवडली, कारण बीडहून अहिल्यानगर, आळेफाटा करीत कल्याणच्या रस्त्याने खुबी फाट्याला उतरणे आम्हाला सोयीचे वाटले. वाट निवडताना चढ किती, अंतर किती याचा विचार कोणी केला नाही. एस. टी. कुठे थांबते एवढाच केला!

त्या खेपेला काय झाले ते आधी सांगते. खिरेश्वर सोडायलाच दुपारचे बारा वाजले. तोलार खिंडीपर्यंत गाणी म्हणत गेलो. खिंडीच्या वर खडकाचा टप्पा आहे, तेथे लोखंडी कठडे बसविले आहेत. तो चढून वर आलो आणि दहा मिनिटांत धुके असे उतरले की पुढचा माणूस दिसेना. त्यापुढे एकामागून एक छोट्या टेकड्या लागतात, सगळ्या सारख्याच दिसतात. वाट चुकली. मग पाऊस. अंधार पडला तेव्हा नऊजणांत चालू बॅटऱ्या दोन होत्या. माझी एक मैत्रीण प्रथम कुडकुडली, मग तोंडातल्या तोंडात बोलू लागली, आणि शेवटी "मला इथंच बसू द्या" म्हणून हट्ट धरून बसली. आम्हाला वाटले, दमली. सुदैवाने गडावरच्या एका मामांनी आमचा आरडाओरडा ऐकला. कंदील घेऊन ते आले आणि आम्हाला झोपडीत नेऊन चुलीपाशी बसविले. ती थकलेली नव्हती, तिच्या अंगातली ऊब निघून चालली होती, हे मला फार उशिरा, एका पुस्तकात वाचून समजले.

आता यातील प्रत्येक गोष्ट टाळता आली असती.

पहिली गोष्ट हवामानाची. आपल्याकडे शरद म्हटला की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे डोळ्यांसमोर येते. ते खरे आहे, पण अर्धेच. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो, आणि जाता जाता परतीचा पाऊस देऊन जातो. जमीन ओली, ऊन कडक. सकाळी तापलेली दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर तिचे गडगडाटी ढग होतात. आपल्या बालाघाटावर कापूस वेचणाऱ्या बायका दुपारी आभाळाकडे का पाहतात, त्याचे कारण हेच. सह्याद्रीच्या धारेवर यात आणखी एक भर पडते. कोकणातली ओलसर हवा उभ्या कड्याला धडकून वर येते, वर येताना थंड होते आणि तिचे धुके बनते. ते लांबून येताना दिसत नाही, जागेवरच तयार होते!

उंचीप्रमाणे थंडीही वाढते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते, असे भूगोलात शिकतो. बीड सुमारे पाचशे मीटरवर. म्हणजे गडावर बीडपेक्षा सहाएक अंश कमी. हे काही फार नाही, असे मलाही वाटले होते. पण ओल्या सुती कपड्यावर वारा लागला की ते सहा अंश कितीतरी पटीने झोंबतात. आम्ही सगळ्या मुली सुती सलवार-कमीजमध्ये होतो.

शिवाय वादळ जवळचेच असावे लागते असे नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. त्याचे ढग उत्तरेला सरकत नेपाळात पोचले आणि १४ तारखेला अन्नपूर्णा भागातील थोरोंग ला या ५४१६ मीटर उंचीच्या खिंडीत बर्फाचे वादळ झाले. चाळीसहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर हा तेथला उत्तम हंगाम मानतात! आपला गड म्हणजे हिमालय नव्हे, हे मान्य. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील वादळांचे महिने आहेत. निघण्यापूर्वी चार दिवस हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा, केवळ गडाचा नव्हे तर उपसागराचाही.

दुसरी गोष्ट वेळेची. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा हिशेब सांगितला : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. खिरेश्वरहून आम्ही अंतर आठेक किलोमीटर आणि चढ सातशे मीटरच्या वर धरला; हिशेब निघाला पावणेतीन तासांचा. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा. पाठीवर ओझे, वाट अनोळखी, फोटोसाठी थांबणारे चौघे, म्हणून तो दुप्पट करावा. साडेपाच-सहा तास! ऑक्टोबरच्या मध्यात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो. बारा वाजता निघून आम्ही अंधाराला निमंत्रणच दिले होते. खिरेश्वरला आदल्या रात्री मुक्काम करून सहा-साडेसहाला चालू लागावे म्हणजे ढग भरून येण्याआधी माथा गाठता येतो.

तिसरी गोष्ट ओझे. येथे मात्र मला पुस्तकापेक्षा आईचा अधिक उपयोग झाला. या वर्षी मी सामानाची यादी वाचून दाखवू लागले, तर ती म्हणाली, "आधी सांग, भिजलीस तर काय नेसशील?" ती उसाच्या फडावर जाताना एक जोडी कपडे आणि घोंगडी प्लास्टिकच्या पोत्यात तोंड घट्ट बांधून वेगळी ठेवते, बाकीचे भिजले तरी चालते. मीही तसेच केले. त्या पिशवीत लोकरी स्वेटर, कानटोपी, मोजे, कोरडे कपडे. ते चालताना घालायचे नाहीत, मुक्कामावरच. वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. प्रत्येकाची स्वतंत्र बॅटरी आणि जादा सेल. पाणी तीन लिटर. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाणे. दशमी दोन दिवस टिकते आणि चूल पेटली नाही तरी पोट भरते. छत्री घेऊ नये, कड्यावरच्या वाऱ्यात ती आपल्यालाच ओढते. आईने कोपीवर घालायच्या जुन्या ताडपत्रीतून आठ हाताचा तुकडा कापून दिला. कोपीला तो कमी पडेल हे मला माहीत होते. तिने ते बोलून दाखविले नाही.

कोणी कुडकुडू लागले, अडखळू लागले, बोलणे जड झाले, तर "चल, थोडंच राहिलं" म्हणू नये. थांबून, आडोसा करून, ओले कपडे बदलून, गोड खायला द्यावे.

विजेचा नियम असा की चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उघडा माथा, एकटे झाड आणि लोखंडी कठडे सोडावेत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुढे जाऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची सूचना देते. पण डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही, मोजता मात्र कोठेही येते.

आणि चौथी गोष्ट. परत कधी फिरायचे हे घरून निघतानाच ठरवावे. वर गेल्यावर कोणालाच ते ठरवता येत नाही, कारण भाडे भरलेले असते, गड समोर असतो आणि भित्रा म्हणवून घ्यायला कोणी तयार नसतो. या वर्षी आम्ही कागदावर लिहूनच घेतले होते : अकरापर्यंत खडकाचा टप्पा पार झाला नाही, किंवा तीसच्या आत गडगडाट ऐकला, तर खाली. कोणा एकाने म्हटले तरी सर्वांनी उतरायचे.

सकाळी साडेसहाला निघालो. दोघांच्या पायांत गोळे आले, त्यात वेळ गेला. दहाच्या सुमारास खिंडीत होतो तेव्हा घाटाच्या बाजूला वीज चमकली. मी मोजले. बावीस. माझ्याकडे कोणीच बघेना. शेवटी मीच म्हटले, "उतरू या."

खिरेश्वरला पोचलो तर ऊन! पाऊस पडलाच नाही. दुपारभर गडाचा माथा स्वच्छ दिसत होता. परतीच्या एस. टी. त दोघेजण माझ्याशी बोलले नाहीत, त्यातला एक अजूनही बोलत नाही. मला वाईट वाटते, पण कागदावरचे ते वाक्य मी पुढच्या वर्षीही तसेच लिहिणार आहे.

जायचे पुन्हा ऑक्टोबरातच, बहुधा या वेळी पाचनईकडून. ताडपत्रीचा तुकडा सध्या आईकडे आहे, कोपीच्या मूळ जागी. पट्टा पडला की तो घरी येईल.