साहाय्यक-स्मृतीचे स्थानांतरण

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका संभाषक साहाय्यकाने वापरकर्त्याविषयी साठविलेली माहिती, त्याच्या आवडीनिवडी व त्याने दिलेल्या कायम सूचना दुसऱ्या साहाय्यकास उपलब्ध करून देण्याची क्रिया. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी इ. साहाय्यक निरनिराळ्या कंपन्यांचे असून प्रत्येकाचा स्मृतिसाठा स्वतंत्र असतो. त्यामुळे एकास महिनोन्‌महिने सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पहिल्यापासून सांगाव्या लागतात. वापरकर्ता जितका अधिक काळ एका साहाय्यकापाशी राहील, तितके त्यास सोडणे त्याला अवघड होत जाते. स्थानांतरणाचा प्रश्न या अडचणीतून निर्माण झाला.

या साहाय्यकांच्या मुळाशी असलेल्या भाषा-प्रतिमानास एखाद्या वापरकर्त्याची स्मृती अशी नसते. संभाषण चालू असताना आधीचा मजकूर दर वेळी नव्याने त्याच्यापुढे ठेवला जातो व त्यावरून ते पुढील उत्तर तयार करते. ज्यास व्यवहारात ‘स्मृती’ म्हणतात, ती प्रतिमानाच्या बाहेर, बहुधा कंपनीच्या संगणकांवर ठेवलेली टिपणे होत. ‘वापरकर्ता शाकाहारी आहे’, ‘उत्तरे मराठीत हवीत’ अशी साधी वाक्ये त्यांत असतात व नव्या संभाषणाच्या आरंभी ती मजकुरात मिसळली जातात. टिपणे फार झाल्यास प्रत्येकाचे सदिशात, म्हणजे संख्यांच्या क्रमबद्ध मालिकेत, रूपांतर करून चालू प्रश्नाशी जवळीक असलेली तेवढीच निवडतात. स्मृती ही अशी लिखित स्वरूपाची असल्यामुळे ती उचलून दुसरीकडे नेणे तांत्रिक दृष्ट्या कठीण नाही; अडचण येते ती तिच्या अर्थाची.

व्यक्तीचे वाचन व टिपणे यंत्राने सांभाळावीत ही कल्पना व्हॅनीव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राच्या वर्णनात मांडली होती. आपण जुळविलेल्या टिपणांची माळ छायाचित्रित करून मित्राला द्यावी व त्याने ती आपल्या यंत्रात बसवावी, अशी सोयही त्याने कल्पिली होती. म्हणजे स्मृतीच्या साठवणुकीइतकीच तिच्या देवाणघेवाणीची कल्पनाही जुनी आहे. प्रत्यक्षात ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटीमध्ये जुलै २०२३ मध्ये कायम सूचनांची व फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रायोगिक रीत्या स्मृतीची सोय केली. एप्रिल २०२५ पासून हा साहाय्यक जतन केलेल्या टिपणांबरोबरच मागील संभाषणांचाही आधार घेऊ लागला. गुगलच्या जेमिनीत नोव्हेंबर २०२४ मध्ये, तर अँथ्रॉपिकच्या क्लॉडमध्ये २०२५ च्या उत्तरार्धात अशी सोय आली.

पद्धती : सर्वांत साधी पद्धत नकलेची होय. ‘माझ्याविषयी जे जे ठाऊक आहे ते लिहून दे’ असे जुन्या साहाय्यकास सांगावयाचे व मिळालेला मजकूर नव्याच्या हवाली करावयाचा. क्लॉडच्या स्मृतीची आयात जवळजवळ याच रीतीने करतात. ही पद्धत ओबडधोबड असली, तरी वापरकर्त्यास आपल्याविषयीचा मजकूर एकदा डोळ्यांखालून घालण्याची संधी मिळते, हा तिचा मोठा गुण म्हटला पाहिजे. संभाषणांचा संपूर्ण संग्रह मागवून घेण्याची सोय चॅटजीपीटीमध्ये २०२३ पासून आहे. परंतु तो कच्चा माल असून त्यातून उपयुक्त टिपणे निवडण्याचे काम उरतेच.

दुसऱ्या पद्धतीत स्मृती कोणत्याही साहाय्यकाकडे न ठेवता वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर ठेवतात आणि निरनिराळे साहाय्यक तेथूनच वाचतात व तेथेच लिहितात. यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या संकेतनियमावलीचा उपयोग होतो. अँथ्रॉपिकने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली, २०२५ मध्ये ओपनएआय व गुगल यांनी ती स्वीकारली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. नियमावलीबरोबरच प्रसिद्ध झालेल्या एका नमुना कार्यक्रमात स्मृतीची मांडणी घटक, त्यांतील परस्परसंबंध व घटकांविषयीची निरीक्षणे अशी केलेली असून सर्व नोंदी एका साध्या फाइलीत राहतात. मात्र साहाय्यकाने बाहेरच्या साधनाशी कसे बोलावे एवढेच ही नियमावली ठरविते. स्मृतीचे टिपण कसे असावे याविषयी तिच्यात काहीही बंधन नाही. माहिती व्यक्तीच्या मालकीच्या कोठारात असावी व सेवांनी तेथे परवानगीने यावे, हे तत्त्व टिम बर्नर्स-ली याने ‘सॉलिड’ या प्रकल्पात याआधीच मांडले होते.

भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध झाली. तिच्याशी या स्थानांतरणाची तुलना सहज सुचते, परंतु ती अपुरी आहे. दहा अंकी क्रमांकाचा अर्थ सर्व कंपन्यांना एकच असतो. टिपणाचा तसा नसतो. ‘उत्तरे थोडक्यात द्यावीत’ ही सूचना वापरकर्त्याने पाल्हाळिक साहाय्यकास आवर घालण्यासाठी दिलेली असेल, तर मुळातच मितभाषी असलेल्या साहाय्यकाकडे गेल्यावर ती उत्तरे तुटपुंजी करून टाकते. आवड ही पुष्कळदा विशिष्ट साहाय्यकाच्या दोषावरील उतारा असते. दोष मागे राहतो व उतारा तेवढा पुढे जातो.

याहून गंभीर प्रश्न टिपणाच्या उगमाचा आहे. स्मृतीतील काही गोष्टी वापरकर्त्याने स्वतः सांगितलेल्या, तर काही साहाय्यकाने तर्काने ठरविलेल्या असतात. वडिलांच्या आजारपणात मुलाने मूत्रपिंडाच्या विकाराविषयी अनेक प्रश्न विचारले, तर ‘वापरकर्त्यास मूत्रपिंडाच्या विकारात रस आहे’ असे टिपण होऊ शकते. नकलेत त्याचा संक्षेप होऊन ‘वापरकर्त्यास मूत्रपिंडाचा विकार आहे’ असेही होऊ शकते. दुसऱ्या साहाय्यकापुढे मूळ संभाषण नसते, त्यामुळे त्याच्या लेखी अनुमान हीच वस्तुस्थिती ठरते व आहारापासून विम्यापर्यंतचा सल्ला तीवर आधारला जातो. प्रत्येक टिपणाबरोबर ते कोणी, केव्हा व कशावरून केले याची नोंद जावी हा त्यावरील उपाय आहे. तथापि नकलेच्या साध्या पद्धतीत ती सहसा जात नाही.

पुसून टाकण्याच्या बाबतीतही हाच घोळ होतो. एका साहाय्यकाकडील टिपण पुसले, तरी तिसऱ्याकडे गेलेली त्याची प्रत तशीच राहते. सामाईक साठ्यामुळे प्रतींचा प्रश्न बव्हंशी सुटतो, परंतु मग एक दूषित टिपण सर्वांनाच बाधते. साहाय्यकाने वाचलेल्या परक्या मजकुरात दडविलेल्या आज्ञांमुळे चॅटजीपीटीच्या स्मृतीत खोटी टिपणे कायमची घुसविता येतात, हे २०२४ मध्ये एका सुरक्षासंशोधकाने प्रात्यक्षिकाने दाखविले होते. शिवाय नोकरीतील, घरातील व वैद्यकीय बाबी एकाच साठ्यात आल्याने एरवी विखुरलेले व्यक्तिचित्र एके ठिकाणी पूर्ण होते. क्लॉडमध्ये प्रत्येक प्रकल्पाची स्मृती वेगळी ठेवतात, ती अशी सरमिसळ टाळण्यासाठी.

कायदा : आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क यूरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण विनियमाच्या २० व्या अनुच्छेदाने दिला असून हा विनियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. तथापि हा हक्क व्यक्तीने ‘पुरविलेल्या’ माहितीपुरता आहे. सेवेच्या वापरातून नोंदली गेलेली माहिती त्यात येते, पण सेवेने काढलेली अनुमाने येत नाहीत, असा अर्थ यूरोपीय संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यगटाने २०१७ मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लावला आहे. साहाय्यकाच्या स्मृतीत नेमके या दोहोंचे मिश्रण असल्यामुळे तिचा कोणता भाग हक्काने मागता येईल, हे ठरविणे कठीण जाते. भारतात २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात अशा स्थानांतरणाचा हक्क नमूद होता. २०२३ च्या अधिनियमात तो आढळत नाही. या अधिनियमाने माहितीचा गोषवारा मिळविण्याचा, ती दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क मात्र दिला आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीस १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे.