गोदावरीचा गाळ आणि जोर्व्याची माणसं

२००६ साली भारताच्या पूर्व किनाऱ्यासमोर ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ नावाचं जहाज समुद्रतळात छिद्रं घेत होतं. शोध चालला होता तळाखाली गोठून राहिलेल्या ज्वलनशील वायूचा. गोदावरीच्या मुखासमोर वर काढलेल्या गाळाच्या एका नळीने मात्र इंधनाऐवजी इतिहास दिला. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटर वाहत ही नदी समुद्राला मिळते. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा तिच्या खोऱ्यात येतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात आहे. त्या सगळ्या मुलखाची माती हजारो वर्षं या एका जागी थरावर थर साचत आली होती.

अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतले कामिलो पाँटन, लिव्हिऊ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गाळ तपासला. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, मेण मात्र गाळात टिकतं. रखरखीत हवेत तगणाऱ्या गवतांच्या मेणातला कार्बन आणि वृक्षांच्या मेणातला कार्बन यांत फरक असतो, तो मोजता येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत हे खोरं टप्प्याटप्प्याने कोरडं होत गेलं. त्यानंतर कोरड्या हवेतल्या वनस्पतींनी इथे कायमचं बस्तान बसवलं.

त्याच गाळावरचा दुसरा निष्कर्ष २०१७ मध्ये आला आणि तो अधिक विचारात पाडणारा आहे. पाऊस घटला तर जमिनीची धूपही घटेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. घडलं उलटं. मोसमी पाऊस रोडावत गेला तशी समुद्रात येणारी माती वाढली. दख्खनच्या काळ्या पत्थराची माती आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची माती निओडिमियम या मूलद्रव्यावरून वेगळी ओळखता येते, त्यामुळे माती कुठली हेही कळतं. झाडझाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली आणि जो काही पाऊस येई तो ती खरवडून नेऊ लागला. पुढे दख्खनवर शेती आली, लोहयुगात ती फैलावली आणि धूप आणखी वाढली.

ही शेती करणारी माणसं कोण, हे समुद्रातला गाळ सांगत नाही. त्यासाठी नदीने उलट वर, तिची उपनदी प्रवरेच्या काठापर्यंत यावं लागतं.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पुरातत्त्व म्हणजे लेणी, नाणी आणि ताम्रपट असं समीकरण असताना त्यांनी नद्यांचे काठ पायाखाली घातले. नाशिकजवळ गंगापूर परिसरात गोदावरीच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं. त्याआधी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या जोर्वे गावात उत्खनन झालं होतं. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी, पोटाशी स्पष्ट कोनदार कडा आणि बाजूला लांब तोटी, अशी भांडी तिथे निघाली. आज या जोर्वे संस्कृतीची दोनशेहून अधिक ठिकाणं माहीत आहेत, तापीपासून भीमेपर्यंत. मग नेवासे आलं. ज्ञानेश्वरीमुळे मराठी माणसाला ते नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक, पण गावाजवळच्या चिरकी इथे गुडरुन कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकात काढलेल्या हातकुऱ्हाडी त्याहून कितीतरी जुन्या, पुराश्मयुगातल्या आहेत.

माणसाच्या वस्तूंइतकंच लक्ष मातीकडे देणारे शास्त्रज्ञ या कामात होते, हे पुणेकरांचं मोठं देणं. श. ना. राजगुरू यांनी नदीने गाळ केव्हा साठवला आणि पात्र केव्हा खोल कापलं, याचा माग अनेक वर्षं काढला. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडीच्या काठच्या थरांत, ज्वालामुखीची राख सापडली. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. पण सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याहून बरीच जुनी, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. राखेचं वय बदललं की तिच्याशेजारी मिळालेल्या दगडी हत्यारांचं वयही बदलतं, म्हणून हा वाद क्षुल्लक नाही.

या सगळ्यात सर्वांत जिवंत ठिकाण इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झ. दा. अन्सारी यांनी इथे काम केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० एवढ्या काळातलं एक गाव घरागणिक उलगडलं. लोक जव आणि कडधान्यं पिकवत. नदीच्या पुराचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी चर खणला होता, बांध घातला होता. दगावलेल्या बाळाला ते तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बहुधा पाय घोट्यापासून तोडत. इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी प्रशस्त घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि शिकार वाढली. गोदावरी-प्रवरेकाठची दायमाबाद, नेवासे यांसारखी गावं तर त्या सुमारास ओसच पडली.

ढवळीकरांनी याचं कारण अवर्षणात शोधलं. ते पटण्याजोगं आहे, पण अपुरं आहे. समुद्रातल्या गाळानुसार हवा कोरडी होऊ लागली ४,००० वर्षांपूर्वी, तर जोर्वे संस्कृतीची भरभराट त्यानंतर सहा शतकांनी, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० पासून. ही माणसं दुष्काळाच्या छायेतच वाढली. चर आणि बांध ही त्याचीच साक्ष. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या बालकांच्या हाडांचा अभ्यास केला. इनामगावच्या अखेरच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यात दिसल्या. एका फटक्यात गाव उठवणारा दुष्काळ इथे दिसत नाही. दिसतं ते असं, की पाऊस कमी होत होता आणि जमिनीचा कस उतरत होता. समुद्रतळ आणि पांढरीची, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीची, टेकाडं एकत्र वाचली, तरच हे समजतं.

पण वाचायला ती शिल्लक राहायला हवीत. पांढरीची राखट माती खत म्हणून शेतात नेण्याची रीत जुनी आहे आणि त्यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. दायमाबादचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे साठ किलोंहून अधिक वजनाचे ब्राँझचे पुतळे १९७४ साली गावातल्याच माणसाच्या हाती लागले, पुरातत्त्ववेत्त्याच्या नाही. खरी हानी होते ती यंत्रांनी. प्रवरा, गोदावरी, भीमा यांच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, काठ ढासळतात आणि ज्या थरांतून हवामान आणि माणूस दोन्ही कळतात, ते कुणी पाहण्याआधीच ट्रकमधून निघून जातात. वीटभट्ट्यांना लागणारी माती पुष्कळदा हाच काठचा जुना गाळ असतो. हे थांबवणं महसूल खात्याच्या आणि ग्रामपंचायतींच्या हाती आहे. आणि ज्यांच्या शिवारात पांढर आहे, त्यांनी नक्षीचं खापर, दगडी पातं किंवा जाड हाड सापडलं तर ते जागचं हलवू नये आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावं. जागेवरून उचललेल्या खापराचं वय सांगता येतं, पण त्याच्या काळात तिथे पाऊस किती पडत होता, हे फक्त त्याच्या भोवतीची माती सांगते.