मेंदूचा रक्तपुरवठा : लेखांक 6 वा – अपुरी वर्तुळे

दोन ग्रीवा रोहिणी आणि दोन कशेरुका रोहिणी अशा चार वाटांनी कवटीत शिरणाऱ्या रक्ताचा माग काढीत गेल्या आठवड्यात आपण मेंदूच्या तळाशी येऊन थांबलो होतो. तेथे या वाटा बारीक जोड-रोहिणींनी एकमेकींस मिळून जे कडे तयार होते, त्याचे सविस्तर वर्णन टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1664 साली आपल्या ग्रंथात केले. त्या ग्रंथातील कित्येक आकृत्या, पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून ख्याती पावलेल्या ख्रिस्तोफर रेनच्या हातच्या आहेत. विलिसने तपासलेल्या एका शवात उजवी ग्रीवा रोहिणी कवटीच्या आत पाषाणवत कठीण होऊन जवळजवळ बुजली होती. तरीही त्या मनुष्यास पक्षाघात म्हणून कधी झाला नव्हता, तो गेला पोटातील विकाराने, आणि त्याच बाजूची कशेरुका रोहिणी मात्र तिपटीने रुंदावलेली आढळली. एक वाट बंद पडताच दुसरीकडून रसद पोहोचविण्याची ही तजवीज विलिसने अचूक ओळखली.

परंतु ही तजवीज सर्वांच्याच वाट्यास पुरी येत नाही. आल्पर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली 350 निरोगी मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली, तीत पाठ्यपुस्तकाबरहुकूम वर्तुळ निम्म्याहून थोड्याशाच अधिक मेंदूंत सापडले. उरलेल्यांत कोठे जोड-रोहिणी सुताइतकी बारीक, तर कोठे एखादा दुवाच गळालेला. इतक्या लोकांच्या प्रकृतीस ‘विकृती’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यातील एका भेदाचा उगम तर गर्भावस्थेत आहे. आरंभी मेंदूच्या मागच्या भागासही रक्त पुरविण्याचे काम ग्रीवा रोहिणीकडेच असते. कशेरुका रोहिणी व त्यांच्या संगमातून झालेली तलस्थ रोहिणी यांचा अंमल तेथे मागाहून बसतो, आणि तो बसला म्हणजे जुन्या वाटेची एक बारीक जोड-रोहिणी तेवढी उरते. काहींच्या बाबतीत मात्र ही जुनी वहिवाट जन्मभर चालू राहते. अशा मनुष्याची ग्रीवा रोहिणी बुजली, तर जी दृष्टी मेंदूच्या मागच्या भागाच्या स्वाधीन आहे तिचा अर्धा पट्टा नाहीसा होऊ शकतो. आणि नकाशावर विसंबून राहिलेला वैद्य दोष शोधीत राहतो तो तलस्थ रोहिणीत!

पेर्शरों या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी रोहिणी याहूनही विलक्षण आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसांना, म्हणजे जागेपणाशी निगडित अशा खोलवरच्या केंद्रांना, सामान्यतः निरनिराळ्या शाखा मिळतात, पण येथे एकाच बाजूने निघालेला एकच फाटा दोहोंचेही पोषण करतो. तो बंद पडला की हातापायांतील शक्ती शाबूत असूनही रोगी एकाएकी गाढ झोपेत बुडतो, आणि घरच्यांस हा झटका आहे याची कल्पनाही येत नाही.

पुढच्या बाजूच्या दोन मेंदू-रोहिणींपैकी एकीचा आरंभीचा तुकडा अरुंद असला, तर दोन्ही बाजूंच्या रक्ताचा भार दुसरीवर पडतो, आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यापाशी भिंत फुगण्याचा संभव वाढतो. तो फुगा, म्हणजे रोहिणी-विस्फार, हा पुढील लेखांकाचा विषय.